मास्तरांचा पांढरा

आमच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा यांनी चार दुकानं पालथी घातली होती. किंमत, आवाज, कंपनी, कशाचं म्हणून त्यांना पडलेलं नव्हतं. बातम्या देणाऱ्या माणसाच्या शर्टाकडे बघायचे, मान हलवायचे आणि पुढच्या दुकानात शिरायचे. "पांढरा पांढरा दिसला पाहिजे," एवढंच म्हणणं. "पांढरा चुकला की बाकीचे सगळे रंग खोटं बोलतात." मी तेव्हा नवी होते, म्हणून गप्प बसले. आता बसत नाही.

हे म्हणजे माझा नवरा, कापड रंगवायच्या कारखान्यात डाईंग मास्तर. एकोणिसाव्या वर्षी रंगाच्या बादल्या उचलायला लागले आणि पायरी पायरीनं चढत उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवलेल्या स्टुलावर पोचले. त्या स्टुलावर दुसरं कोणी बसत नाही. गिऱ्हाईक कापडाचा नमुना आणतं, मास्तर तो खिडकीच्या उजेडात धरतात, कुठला रंग किती घालायचा ते सांगतात, आधी एक चिंधी रंगवून बघतात, आणि ती पसंत पडली की अख्खा लॉट हौदात जातो. लॉट म्हणजे हजारो मीटर कापड. एकदा गेलं की गेलं.

पण त्यांची खरी ऐट वेगळीच. जुनी ऑर्डर परत आली तर ते जुना नमुना काढून बघत नाहीत. "एकदा बघितलेला रंग माझ्या डोळ्यांत बसतो," म्हणतात आणि आठवणीवरून रंग मिसळतात. मालक नव्या गिऱ्हाइकांना हे मुद्दाम सांगतात. मीही माहेरी कौतुकानं सांगितलं आहे, नाही कशाला म्हणू.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात लोक बायकोला फिरायला नेतात. यांनी मला दारात उजेडाला उभं केलं, हातात दोन करड्या चिंध्या दिल्या आणि विचारलं, "सारख्या आहेत का?" मी म्हटलं, सारख्या. "चूक. डावीत लाल आहे." मला रडूच आलं होतं. पण वर्षभरात मलाही डावीतला लाल दिसायला लागला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

गेलं वर्षभर मात्र आमच्याकडे उजेडावरून भांडणं चालली होती. हे म्हणायचे, घरातले दिवे पिवळट झालेत. तीनदा बदलले. मग म्हणायला लागले, शर्ट पिवळे पडलेत, तू नीळ घालत नाहीस. मी घालत होते. अजून घाल, म्हणाले. रागाच्या भरात मी इतकी घातली की मुलगी म्हणाली, "आई, बाबा आता आभाळात मिसळून जातील, सापडायचे नाहीत." एकदा एक मोजा काळा आणि एक गर्द निळा घालून कामावर गेले. मला वाटलं, घाई झाली असेल. मी त्यांच्या डोळ्यांवर शंका घेईन? त्यापेक्षा सूर्यावर घेतली असती.

अशात टीव्ही गेला. पडद्याच्या मधोमध एक काळी पट्टी आली, ती रुंद होत गेली आणि शेवटी नुसता आवाज राहिला. तीन आठवडे आम्ही भिंतीकडे तोंड करून बातम्या ऐकल्या. मग मुलीनं मनावर घेतलं. ती शाळेत शिकवते, तिचं सगळं मोजूनमापून असतं. टेप घेऊन कोनाडा मोजला, कोचापासून भिंत किती लांब ते मोजलं, आणि कागदावर लिहिलं: चाळीस इंचाच्या वर नको, ठरलेल्या रकमेच्या वर नको. खाली मोठ्या अक्षरांत: बाबांना आवडला पाहिजे. ही तिसरी अट सगळ्यात महाग पडणार हे मला माहीत होतं.

शनिवारी यांची अर्धी सुट्टी. दुपारी जेवायला आले ते खुशीत होते. सकाळी एक मोठं काम हातावेगळं केलं होतं: फिकट राखाडी, गेल्या वर्षीचीच ऑर्डर, यंदा तिप्पट. जुना नमुना अर्थातच काढला नव्हता. चिंधी रंगवली, खिडकीत धरली, पसंत केली, आणि हौदावरच्या मामांना सांगून आले, "बरोबर तीनला सोड." मामा म्हणजे यांच्याच बरोबर, त्याच आठवड्यात बादल्या उचलायला लागलेले. हे स्टुलावर गेले, मामा हौदावर राहिले. सगळं खातं त्यांना मामा म्हणतं, म्हणून आम्हीही. मामा मात्र यांना मास्तरच म्हणतात, आमच्या घरात चहा पितानासुद्धा.

त्या लॉटवर बरंच काही अवलंबून होतं. गडद रंग थोडा इकडेतिकडे झाला तर खपून जातो. फिकट राखाडी बिघडली की तिचं काळं करण्यावाचून इलाज नसतो, आणि काळं कापड त्या गिऱ्हाइकाला नको होतं. यांच्या आधीचे मास्तर अशाच एका लॉटनंतर दुसऱ्या दिवशी कामावर दिसले नव्हते. यांच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. जेवताना हे सगळं मी आठवत बसले नव्हते; आठवलं ते दुकानात.

आम्ही दुकानाच्या पायऱ्या चढत होतो तेव्हा पहिला फोन आला. हौदाच्या गडगडाटात काम करणाऱ्यांचे फोन मोठ्यानंच बोलतात, त्यामुळे पलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, ती राखाडीची चिंधी... एकदा येऊन परत बघता का?"

"का? काय झालं चिंधीला?"

"झालं काही नाही. मोठा लॉट आहे म्हणून म्हटलं."

"मोठा लॉट असला की माझे डोळे लहान होतात का?" हे म्हणाले. "तीनला सोड." आणि फोन बंद. मग मला म्हणाले, "म्हातारा झाला मामा. हल्ली फार शंका काढतो." त्यांचा चेहरा उतरला होता. पस्तीस वर्षांत मामांनी त्यांना असं कधी विचारलं नव्हतं.

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर एकच माणूस एकच बातमी सांगत होता. दुकानदार गळ्यात चष्मा लटकवून आला. मुलीनं कागद पुढे केला. त्यानं तो वाचला, तिसरी अट वाचून हसला आणि म्हणाला, "साहेब, या मापात आणि या पैशात तीन आहेत. पहिला घ्या, डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकून घ्यायचा असता तर रेडिओ घेतला असता," हे म्हणाले.

पहिल्यासमोर उभे राहिले. शर्टाकडे बघितलं. "पिवळा." दुसऱ्यासमोर गेले. "हाही पिवळाच. हल्ली पांढरा बनवायचाच बंद केलाय की काय?" मी मुलीकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. आम्हाला दोन्हीवरचा शर्ट चांगला धुतल्यासारखा दिसत होता.

मग ते तिसऱ्यासमोर थांबले. हा वर्षभर दुकानात मांडून ठेवलेला, म्हणून बराच स्वस्त. यांनी मान जरा तिरकी केली, एक पाऊल मागे गेले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "हा," म्हणाले. "याचा पांढरा पांढरा आहे."

मी बघितलं. त्या बातम्यावाल्याच्या बायकोनंही माझ्यासारखीच रागानं नीळ घातली असावी, असा शर्ट होता.

"बाबा, हा निळा आहे," मुलगी म्हणाली.

"कुठे निळा?"

"शर्ट निळा आहे. चेहरासुद्धा निळा आहे, थंडीनं काकडल्यासारखा."

"तू शाळेत शिकव. रंग मला शिकवू नकोस."

"साहेबांची नजर पक्की आहे," दुकानदार म्हणाला. वारा येईल तशी पाठ फिरवणारा माणूस; आत्ताच पहिला डोळे झाकून घ्यायला सांगत होता.

मुलगी काही बोलणार होती, पण मी तिचा हात दाबला. पिवळे दिवे, पिवळे शर्ट, तो मोजा, आणि आता हा निळा टीव्ही. इतके दिवस सुटे सुटे पडलेले तुकडे एका ओळीत येऊन बसले. सगळं जग पिवळं झालं नव्हतं. यांना पिवळं दिसत होतं. आणि ज्याला पांढरा पिवळा दिसतो तो माणूस आठवणीतला रंग जुळवायला निळा ओतत राहणार.

सकाळी आठवणीवरूनच राखाडी जुळवून आले होते.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजून गेले होते. दुसरा फोन आला. "मास्तर, वाफ कमी आहे. तीनचे साडेतीन होतील, चालेल ना?"

"तीन म्हणजे तीन. वाफेचं बघायला तुला ठेवलाय." यांचा आवाज चढला. दुकानदारानं उगीचच एका टीव्हीवरची धूळ पुसली.

यांच्या शर्टाच्या खिशातून चिंधीचं टोक बाहेर आलं होतं; पसंत केलेल्या चिंधीचा अर्धा तुकडा ते नेहमी खिशात ठेवतात. आणि माझ्या खांद्याला पिशवी होती. ती गेल्या वर्षीच्या त्याच राखाडी लॉटच्या उरलेल्या कापडाची, मीच शिवलेली. देवानं दिलं म्हणतात ते असं, पण मला त्या वेळी ती पिशवी फेकून द्यावीशी वाटली. ती नसती तर मला खात्री करता आली नसती, आणि खात्री नसती तर गप्प बसता आलं असतं.

"जरा द्या हो ती चिंधी," मी म्हटलं. त्यांनी नादात काढून दिली. ते अजून तिसऱ्या टीव्हीकडेच बघत होते.

मी दुकानाच्या दारात गेले. पिशवी बाहेरून उन्हानं विटली होती, म्हणून शिवण उलटी केली. आतल्या दुमडीत रंग जसाच्या तसा राहतो, हेही यांनीच शिकवलेलं. दुमडीशेजारी चिंधी धरली. दुमड धुरासारखी राखाडी होती. चिंधीत निळा होता, आणि थोडाथोडका नाही.

मी घाबरले होते, खरं सांगते. या माणसाला मी भाजीत मीठ जास्त झालं तर तोंडावर सांगते, घोरण्यावरून आठवडाभर बोलत नाही, पण रंगाबद्दल कधी शब्द काढला नव्हता. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. शिक्षण नाही, जमीनजुमला नाही, चारचौघांत बोलायची हातोटी नाही. होती ती नजर. ती गेली असं त्यांना बायकोनं सांगायचं, तेही टीव्हीच्या दुकानात. आणि नाही सांगितलं तर पाव तासात ते कापड हौदात जाणार होतं.

"अहो, इकडे या," मी म्हटलं.

ते आले. मी एका हातात दुमड आणि एका हातात चिंधी धरली.

"सारख्या आहेत का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रश्न कुठला आहे हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, उजेडाकडे वळले, तिरके धरले, सरळ धरले. इतका वेळ घेतलेला मी त्यांना कधी बघितला नव्हता.

"सारख्या," ते म्हणाले.

"चूक," मी म्हटलं. "उजवीत निळा आहे."

त्यांनी मुलीकडे बघितलं. ती जवळ आली, बघितलं आणि नुसती मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. मग ते दुकानदाराकडे वळले. "तो तिसरा टीव्ही. विकायचं विसरा आणि खरं सांगा."

दुकानदारानं चष्मा लावला, काढला. "साहेब, त्याचा पडदा निळा मारतो. म्हणून तर स्वस्त आहे."

तीनला दहा कमी होते. यांनी फोन काढला, पण बोट काही नंबरावर जाईना. मला भीती वाटली की आता हे फोन खिशात टाकतील आणि म्हणतील, चला, हाच टीव्ही बांधा. तसं म्हणाले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. मग त्यांनी नंबर लावला. पहिल्याच घंटीला मामांनी उचलला.

"टाकू नकोस," हे म्हणाले. "शेड चुकली." हातातली चिंधी खिशात कोंबली. "माझी चुकली."

मामा म्हणाले, "टाकलाच नसता, मास्तर. दुपारपासून पाणी तापवून बसलोय."

"वाफ कमी होती ना?"

"वाफेला काय धाड भरलीय."

"मग तोंडानं सांगायचं."

"तुम्हाला? मी?"

माझ्या ध्यानात आलं त्याच्या एक क्षण आधी त्यांच्या ध्यानात आलेलं असणार, कारण त्यांनी दाराची चौकट धरली. "मामा, याआधीचे लॉट? त्यांत कसा नाही चुकलो?"

"ते गडद होते."

"सरळ सांग."

"जुना तुकडा शोधून समोर ठेवायचो. तुम्ही सांगाल त्यापेक्षा निळा थोडा कमी टाकायचो. राखाडीत माझी छाती होईना."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष," मामा म्हणाले.

यांनी फोन ठेवला आणि तिथल्याच एका रिकाम्या खोक्यावर बसले. मला आधी मामांचा संताप आला. वर्षभर या माणसाला अंधारात ठेवलं, तो मिरवत राहिला आणि हे बघत राहिले. मग वाटलं, याच माणसानं वर्षभर, न बोलता, नोकरी धोक्यात घालून आमचं घर सांभाळलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. मुलगी बाबांच्या शेजारी खोक्यावर बसली आणि खोकं एका बाजूनं दबलं.

बऱ्याच वेळानं हे उठले. भिंतीकडे न बघता मला म्हणाले, "कुठला घ्यायचा ते तू सांग."

मी दुसरा सांगितला. घाईत सांगितला, मला तिथून निघायचं होतं.

सोमवारी ते स्वतःच मालकांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं, मामांचं सोडून. मामा मागोमाग गेले आणि आपलं आपण सांगून आले. मालक म्हणाले, आधी डोळे दाखवा, पुढचं पुढे. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय, निळा आत येऊच देत नाही, म्हणाले. दोन महिन्यांनंतरची ऑपरेशनची तारीख मिळाली. तोवर उत्तरेच्या खिडकीपाशी मामांनी बसायचं ठरलं. मामा बसले, पण स्टुलावर नाही. घरून एक पाट आणला आणि त्यावर.

आठ दिवस हे मामांशी कामापुरतं बोलले. घरी आले की टीव्हीसमोर बसायचे. त्यांना तो पिवळाच दिसत असणार, पण अवाक्षर काढलं नाही. दिव्यांचं नाही, शर्टांचं नाही. मी निळीची डबी मागच्या फळीवर ठेवून दिली. भांडणाशिवायचं घर मला आवडेल असं वाटायचं, आवडलं नाही. टीव्हीचं कौतुक मात्र मी येईल त्याला सांगत होते, माझी पसंती म्हणून.

रविवारी सकाळी हे अचानक म्हणाले, "मामाला चहाला बोलावलंय."

मामा आले ते दाराशीच घुटमळले. "वहिनी, येऊ का?" असं त्यांनी यापूर्वी कधी विचारलं नव्हतं. मी चहा दिला. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. दोघंही पडद्याकडे बघत होते, म्हणजे एकमेकांकडे बघायला नको.

"छान आहे टीव्ही," मामा म्हणाले. "तुम्ही घेतलाय म्हणजे काय, मास्तर."

"मी नाही घेतला. हिनं घेतला." हे थांबले. "पांढरा कसा आहे?"

मामांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "तुम्ही म्हणाल तसा."

"मी म्हणेन तसा वर्षभर झाला," हे म्हणाले. "आता आहे तसा सांग."

मुलगी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. मामा उठले. खिडकीचा पडदा ओढला, पुन्हा टीव्हीसमोर आले, मान तिरकी केली, एक पाऊल मागे गेले. अगदी यांच्यासारखं. मी मनातल्या मनात म्हणत होते, चांगला आहे म्हणा, एवढ्या वेळी तरी म्हणा.

"पिवळट मारतोय," मामा म्हणाले. "निळा कमी पडतोय."

मी पडद्याजवळ गेले. नीट बघितलं तर खरंच पिवळट होता. आठ दिवस मलाही दिसला नव्हता.

यांनी एक लांब श्वास सोडला. मग कोचावरचा रिमोट उचलला आणि मामांच्या हातात दिला.

"घाल," म्हणाले. "किती ते तू ठरव."